जुन्नरच्या मातीत फ्रेंच विद्या

फ्रान्सच्या ईशान्येस शॅम्पेन नावाचा प्रांत आहे. तेथील रँस नगरीत १७८५ साली, पुढे पायपर-हाइडसिक या नावाने प्रसिद्धीस आलेल्या मद्यपेढीचा पाया घातला गेला. तिची विद्या पुणे जिल्ह्यातील नारायणगावी यावी, हा योग विलक्षणच म्हटला पाहिजे. १९८० नंतरच्या दशकात शामराव चौगुले यांनी या पेढीच्या तांत्रिक साहाय्याने तेथे मद्यशाळा उभारली, आणि ‘ओमर खय्याम’ ही फेसाळ मदिरा परदेशी जाऊ लागली.

हा फेस येतो कोठून? द्राक्षाचा रस एकदा आंबला की साधी मदिरा तयार होते. ती बाटलीत भरताना थोडी साखर व किण्व घालून तोंड बंद करतात. बाटलीतच पुन्हा आंबण्याची क्रिया होते आणि कोंडलेला वायू मदिरेत विरघळतो. त्याचा दाब मोटारीच्या चाकातील हवेच्या दुपटीहून अधिक असतो. म्हणूनच काच जाड लागते. पुढे बाटल्या तोंड खाली करून तिरप्या ठेवून थोड्याथोड्या फिरवीत गाळ मानेपाशी आणतात, मान गोठवितात व झाकण काढताच गाळ आपोआप बाहेर फेकला जातो.

फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपी जाते. आपल्याकडे तिला तशी विश्रांती नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी करून बागाईतदार तिला शिस्त लावतो.

सुरतेच्या पांडेसरा भागात स्थायिक झालेल्या खानदेशी कुटुंबांना मात्र हा धंदा परका वाटेल. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात या दोन्ही राज्यांना १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा वारशाने मिळाला. गुजरातने बंदी कायम राखली; महाराष्ट्राने परवान्यांची वाट धरली, इतकेच नव्हे तर २००१ साली द्राक्षप्रक्रियेसाठी खास धोरण आखून विंचूर व पलूस येथे मद्य-उद्याने योजिली.

परंतु मद्याचे द्राक्ष लहान, बियांचे व जाड सालीचे असते. ते खाण्याच्या बाजारात खपत नाही. वेल फळास येण्यास दोन-तीन वर्षे लागतात. तेव्हा मद्यशाळा अडखळली की शेतकऱ्याचा माल वेलीवरच राहतो. २००८ च्या मंदीनंतर नारायणगावची कंपनी कर्जात बुडाली व अखेर न्यायालयाच्या आदेशाने अवसायनात निघाली. विद्या परदेशातून आणता येते. शेतकऱ्याला आधार देणारा पक्का करार मात्र येथेच घडवावा लागतो.