पिशवी, सलाईन आणि ताकदीची सुई

आठवडी बाजाराच्या दिवशी परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेड, पालम किंवा सोनपेठकडच्या एखाद्या खासगी दवाखान्यात दुपारी डोकावलं, तर पहिली नजर जाते ती भिंतीतल्या खिळ्याकडे. खिळ्याला सुतळीनं बांधलेली सलाईनची बाटली. आतलं पाणी पिवळंधमक, कारण त्यात जीवनसत्त्वांचं इंजेक्शन टाकलेलं असतं. खाली लोखंडी खाटेवर एक बाई पडून. पायाशी बाजाराची पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी. चेहऱ्यावरून पन्नाशीची वाटते, केसपेपरवर वय अडतीस. तक्रार विचारली की ती सांगते, “अंगात त्राणच राहिना. अंगातून वाफा निघतात, झोप येत नाही. ताकदीचं काहीतरी लावा, डॉक्टरसाहेब.”

कागदावर ‘अशक्तपणा’ एवढाच शब्द पडतो. त्या शब्दामागे रक्त कमी असणं असेल, थायरॉईड असेल, साखर असेल, बी-१२ची कमतरता असेल, किंवा चार वर्षांपूर्वी काढलेली पिशवी असेल. मराठवाड्यात गर्भाशयाला पिशवी म्हणतात आणि ‘पिशवी काढली’ हे दोन शब्द बाया दात काढल्यासारखे सहज बोलून जातात.

वय वाढलं की शक्ती ओसरते, आणि ती परत मिळवून देतो म्हणणारा वैद्य प्रत्येक काळात भेटतो. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायन आणि वाजीकरण ही दोन याच गरजेतून आली. च्यवन ऋषींना तारुण्य परत मिळाल्याची कथा तर च्यवनप्राशाच्या डब्याबरोबर घरोघर पोहोचली. १९३८ साली पंडित मदनमोहन मालवीय सत्तरी ओलांडल्यावर तपसी बाबांकडून कायाकल्प करून घेण्यासाठी अंधाऱ्या कुटीत कित्येक दिवस राहिले, तेव्हा देशभर त्याची चर्चा झाली. त्याआधी १८८९ मध्ये पॅरिसला ७२ वर्षांच्या ब्राऊन-सेकार या नामवंत शरीरशास्त्रज्ञानं कुत्र्या-गिनीपिगांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपण पुन्हा जिने चढू लागलो, असं भर सभेत सांगितलं. त्या अर्कात काम करण्याजोगं संप्रेरक जवळजवळ नव्हतंच, हे पुढे तशाच पद्धतीनं अर्क बनवून तपासल्यावर कळलं. म्हातारा जिने चढला तो विश्वासाच्या बळावर. खऱ्या टेस्टोस्टेरॉनची प्रयोगशाळेतली घडण १९३५ मध्ये जमली आणि १९३९चं रसायनशास्त्राचं नोबेल बुटेनांट आणि रुझिच्का यांच्या वाट्याला आलं.

आज पुण्या-मुंबईत आणि हैदराबादेत याच संप्रेरकाभोवती चकचकीत क्लिनिकं उभी आहेत. चाळिशी-पन्नाशीतला पुरुष तिथं जातो, रक्ताच्या वीस-पंचवीस तपासण्या होतात आणि ‘लेव्हल’ कमी आहे असं सांगून जेल किंवा इंजेक्शन सुरू होतं. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन तिशी-चाळिशीनंतर वर्षाला साधारण एक टक्क्यानं उतरतं, हे खरं. पण उतरणं वेगळं आणि आजार वेगळा. युरोपातल्या आठ केंद्रांमध्ये ४० ते ७९ वयाच्या तीन हजारांवर पुरुषांची तपासणी झाली. २०१० मध्ये आलेल्या तिच्या निष्कर्षांत, लक्षणं आणि रक्तातली घट दोन्ही एकत्र धरून ज्याला खरी उशिराची कमतरता म्हणता येईल, असे पुरुष शंभरात दोनच निघाले. अमेरिकेत ६५च्या पुढच्या ७९० पुरुषांना वर्षभर टेस्टोस्टेरॉन किंवा कोरं जेल देऊन पाहिलं. २०१६ मध्ये निकाल आले. कामेच्छा थोडी सुधारली, मन किंचित हलकं झालं. ज्यासाठी बहुतेक जण येतात तो थकवा मात्र म्हणण्यासारखा हटला नाही. २०२३ मध्ये पाच हजारांहून अधिक पुरुषांवरची चाचणी आली. हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात वाढले नाहीत, हा दिलासा. पण हृदयाचे ठोके अनियमित होणं, फुप्फुसात गुठळी अडकणं आणि हाडं मोडणं औषध घेणाऱ्यांत जास्त दिसलं.

शहराकडे जाऊन ही तपासणी करून घेणाऱ्या परभणीकरानं एवढं तरी पदरात बांधून घ्यावं: टेस्टोस्टेरॉनची तपासणी सकाळी लवकर आणि वेगवेगळ्या दिवशी दोनदा करावी लागते. दुपारी चार वाजता काढलेल्या एका नमुन्यावर आयुष्यभराचं औषध ठरत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीराचा स्वतःचा कारखाना थांबतो आणि शुक्राणू घटतात. मूल हवं असलेल्या तरुणाला ‘ताकदीसाठी’ हे इंजेक्शन देणं म्हणजे त्याच्या घराचंच नुकसान.

जिल्ह्यात क्लिनिकचा हा चकचकाट क्वचित दिसतो. इथं भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती असतात, रस्त्याकडेला जडीबुटीचे तंबू असतात, एसटी स्टँडजवळच्या लॉजवर महिन्यातून ठरावीक दिवशी येणारे ‘तज्ज्ञ’ असतात. १९५४चा औषधे आणि जादूई उपचार कायदा अशा जाहिरातींना स्पष्ट मनाई करतो. कामशक्ती टिकवण्या-वाढवण्याचं आश्वासन देणारी जाहिरात हा त्या कायद्यानं गुन्हाच आहे. कायद्याला सत्तर वर्षं झाली तरी भिंती रंगतातच. अशा जडीबुटीच्या काही पुड्यांमध्ये स्टेरॉईड मिसळलेलं असतं. दोन दिवसांत भूक लागते, सांधे हलके होतात, माणूस पुडीचे गुण गातो. दोन वर्षांत तोंड सुजतं, साखर चढते, हाडं पोकळ होतात. दवाखान्यात मिळणाऱ्या ताकदीच्या सुईतही कधीकधी नॅन्ड्रोलोन असतं, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचाच चुलतभाऊ. बाईला ते वारंवार टोचलं तर आवाज घोगरा होतो, हनुवटीवर केस येतात. ‘हे कशानं झालं?’ असं विचारत ती दुसऱ्या डॉक्टरकडे जाते, तेव्हा तिच्या हातात सुईचं नाव लिहिलेला कागद नसतो.

आता त्या पिवळ्या बाटलीचा हिशेब. अर्ध्या लिटरच्या पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे पाचेक चमचे. साध्या सलाईनमध्ये असतं साडेचार ग्रॅम मीठ. उलट्या-जुलाबांनी कोरड्या पडलेल्या रुग्णाला हीच बाटली जीवदान देते, तिथं तिला पर्याय नाही. जेवतं-खातं माणूस मात्र यातून मिळतं ते गुळाच्या खड्यानं आणि तांब्याभर पाण्यानं मिळवू शकतं. अनंत फडके आणि लोकविज्ञान संघटनेच्या कार्यकर्त्यांनी अनावश्यक इंजेक्शनं आणि सलाईनविरुद्ध महाराष्ट्रात वर्षानुवर्षं बोलून-लिहून ठेवलं आहे. लासलगावात अनेक वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम केलेल्या डॉ. अरुण गद्रे यांनी अभय शुक्लांबरोबर डॉक्टरांच्याच तोंडून या व्यवसायातली आतली दुखणी गोळा केली. तरीही बाटली खिळ्यावरून उतरत नाही. बाईच्या दृष्टीनं पाहिलं तर कारण समजतं: पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्या बाईला दिवसाढवळ्या तासभर आडवं पडण्याची मुभा त्या खाटेवरच मिळते. घरचेही तेवढा वेळ तिला आजारी मानतात.

लाल सुईची गोष्ट थोडी निराळी. लाल रंग असतो बी-१२चा, आणि या सुईला खरा आधार आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या पथकानं पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध केले. ६७ टक्क्यांत बी-१२ कमी सापडलं. पिढ्यान्‌पिढ्या माळकरी असलेल्या, दूधही बेताचंच पोटात जाणाऱ्या घरांत ही कमतरता असणारच. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांतही ती वाढते. मुंग्या येणं, तोल जाणं, विसरणं, गळून जाणं हे सगळं ‘आता वय झालं’ म्हणून सोडून दिलं जातं आणि ते थोड्या पैशांत बरं होण्याजोगं असतं. फक्त आधी रक्त तपासायचं, मग सुई द्यायची आणि पुरेशी द्यायची, हा क्रम पाळायला हवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. बाटली लावण्याआधी हिमोग्लोबिन पाहायला हवं, ते याचसाठी.

या जिल्ह्याचं सगळ्यांत मोठं दुखणं मात्र त्या अडतीस वर्षांच्या बाईचं आहे.

एप्रिल २०१९ मध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या देशभर गेल्या. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यासमोर आलेला आकडा असा: पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयोगटात हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास येतं. दोन्ही पाहण्यांचे वयोगट अगदी एकसारखे नाहीत, पण एवढी दरी वयाच्या हिशेबानं बुजत नाही. देशात या शस्त्रक्रियांपैकी सुमारे दोन-तृतीयांश खासगी दवाखान्यांत होतात.

बीडची हद्द ओलांडून सोनपेठ, पाथरी, गंगाखेडकडे आलं की माणसं तीच, मुकादम तोच आणि कोयताही तोच. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल घेतली की दोघांनी मिळून ती फेडायची. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढायचं. एक दिवस चुकला की खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. राहायच्या कोपीला न्हाणीघर नाही, संडास नाही. पाळीच्या दिवसांत कापड बदलायला आडोसा नाही. अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं. गावी परतल्यावर दवाखान्यात गेलं की अनेकींना एकच वाक्य ऐकायला मिळालं, ‘पिशवी खराब झालीय, ठेवली तर कॅन्सर होईल.’ पोरं झालेली, नसबंदीचं ऑपरेशनही झालेलं. मग पिशवीचं काम काय? मुकादमाकडून आणखी उचल घेऊन शस्त्रक्रिया होते.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीतला दुसरा एक आकडा याच्या मुळाशी जातो. परभणी जिल्ह्यात २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं होतं. राज्याचं प्रमाण २२ टक्के. सोळाव्या वर्षी लग्न, विशीत दोन-तीन बाळंतपणं, लगेच नसबंदी. अशा बाईला तिशीतच आपलं बाईपणाचं काम उरकलं असं वाटतं, आणि समोरचा डॉक्टरही तसंच मानून चालतो.

पिशवीबरोबर दोन्ही अंडाशयं काढली तर त्याच रात्री रजोनिवृत्ती येते. भारतीय स्त्रीची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते. इथं ती पस्तिशीत जाते आणि तीही एका झटक्यात. अंगातून वाफा निघणं, रात्री घाम फुटणं, धडधड, चिडचिड, सांधे धरणं या रोजच्या तक्रारी. त्याहून गंभीर म्हणजे हाडांचा कस वेगानं उतरतो आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अंडाशयं जागेवर ठेवली तरीही ती लवकर थकतात. एका अभ्यासात अशा स्त्रियांची रजोनिवृत्ती सरासरी पावणेचार वर्षं अलीकडे आलेली दिसली. ज्या वयात मोळी उचलायची, त्याच वयात मणका ठिसूळ होऊ लागतो.

यावर औषध आहे. अकाली रजोनिवृत्ती आलेल्या स्त्रीला, स्तनाच्या कर्करोगासारखी अडचण नसेल, तर नैसर्गिक वयापर्यंत इस्ट्रोजेन द्यावं, असं जगभरच्या स्त्रीरोगतज्ज्ञ संघटना सांगतात. भीती बसली ती २००२ मध्ये. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र घेणाऱ्या स्त्रियांमध्ये स्तनाचा कर्करोग आणि हृदयविकार वाढलेले दिसले, म्हणून तो भाग मध्येच थांबवावा लागला. पण त्या स्त्रियांचं सरासरी वय ६३ होतं, आणि त्यांना गर्भाशय होतं. गर्भाशय काढलेल्या आणि फक्त इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांच्या गटात स्तनाचा कर्करोग वाढला नाही. पस्तिशीत पिशवी आणि अंडाशयं गेलेल्या पालमच्या बाईला त्या बातमीतली भीती लागू पडत नव्हती. तिच्या वाट्याला आलं ते कॅल्शियमच्या गोळ्यांचं पाकीट आणि पिवळी बाटली. ज्याचं संप्रेरक वयाप्रमाणे हळूहळू उतरलं, त्याला शहरात औषध विकायला माणसं हजर आहेत. जिचं एका शस्त्रक्रियेत संपलं, तिला ते संपलंय हेही कुणी सांगितलं नाही. हा अन्याय आहे.

नियम काही झाले. बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. एप्रिल २०२३ मध्ये डॉ. नरेंद्र गुप्ता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत, असा आदेश दिला. खासगी रुग्णालयांच्या नोंदणीच्या नियमांत २०२१ मध्ये दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावण्याची अट आली. २०२३ पासून परभणीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे. हे सगळं पुढच्या शस्त्रक्रियांसाठी. झालेल्या शस्त्रक्रियांचं काय? हाडांची घनता, रक्तदाब, साखर यांची तपासणी आणि संप्रेरकांबाबतचा सल्ला घेऊन कुणीतरी त्या बायांपर्यंत गावात जायला हवं.

सुरुवात एका कागदापासून होऊ शकते. शस्त्रक्रिया झालेल्या अनेक बायांकडे डिस्चार्ज कार्ड असतं. पत्र्याच्या पेटीत, रेशनकार्डाच्या आणि आधारच्या झेरॉक्सबरोबर, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. त्यावर इंग्रजीत दोन ओळी असतात. अंडाशयं काढली की ठेवली, हे त्या दोन ओळींत असतं, आणि पुढचा सगळा उपचार त्यावर ठरतो. आशाताईनं ते कार्ड उघडून आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांकडून वाचून घ्यायचं आणि बाईला तिच्या भाषेत सांगायचं, एवढं काम दसऱ्याच्या आत होऊ शकतं. दिवाळीचा फराळ बांधून ट्रॅक्टर-ट्रक कारखान्यांच्या वाटेला लागले की मार्च-एप्रिलपर्यंत ती पेटी गावातल्या कुलपात बंद राहते.