ताप उतरेना अन् रक्तही घटतंय? वेळ दवडू नका

बचत गटाच्या बैठकीत आपण हिमोग्लोबिनबद्दल नेहमी बोलतो. आज रक्ताशीच संबंधित, क्वचित होणाऱ्या पण जिवावर बेतणाऱ्या एका आजाराची माहिती घेऊ. त्याचं नाव हिमोफॅगोसायटिक सिंड्रोम. डॉक्टर त्याला थोडक्यात ‘एचएलएच’ म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, खुणा विसरू नका.

रोगजंतूंना खाऊन टाकणाऱ्या पेशी आपल्या शरीरात असतात. काम झालं की त्या शांत होतात. या आजारात त्या शांत होतच नाहीत. राखणीच्या कुत्र्यानं घरच्याच कोंबड्या खाव्यात, तशा त्या आपल्याच रक्तपेशी गिळू लागतात.

हे होतं कशानं? मोठ्या माणसांत बहुतेक वेळा दुसरा आजार निमित्त ठरतो. कधी डेंग्यू, मलेरिया, क्षयरोग किंवा स्क्रब टायफस; कधी लिम्फोमा नावाचा कर्करोग; कधी ल्युपससारखा आजार. पण असे आजार झालेल्या बहुतेकांना एचएलएच होत नाही, हेही लक्षात ठेवा.

स्क्रब टायफसची साथ २०१८ साली नागपूर भागात आली होती. गवता-झुडपांतल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यानं तो होतो. चावलेल्या जागी काळी खपली धरू शकते, बऱ्याचदा काखेत, जांघेत, स्तनाखाली. आपण लाजेनं ती जागा दाखवत नाही. तसं करू नका. वेळेत ओळखला तर हा ताप साध्या औषधांनी बरा होतो.

आता एचएलएचच्या खुणा. ताप हटत नाही. डाव्या बरगडीखालची पानथरी वाढते. कुणाला कावीळ होते, अंगावर लाल-जांभळे डाग येतात, हिरड्यांतून रक्त येतं, रुग्ण असंबद्ध बोलतो. रक्ताच्या तपासणीत हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट यांतलं निदान दोन तरी घटलेलं असतं. आपल्याकडे हिमोग्लोबिन बऱ्याच जणींचं कमीच असतं, म्हणून ‘अशक्तपणा असेल’ असं म्हणून सोडून दिलं जातं. तापासोबत प्लेटलेटही घटत असतील तर थांबू नका.

मग डॉक्टर फेरिटिन तपासतात. या आजारात ते हजारांत जातं. लोहाच्या गोळ्यांचा तो दोष नव्हे. गरज पडल्यास हाडातल्या मगजाचीही तपासणी होते. उपचारात मूळ आजाराचं औषध आणि बेफाम पेशींना आवरणारं स्टिरॉइडसारखं औषध देतात. पण स्टिरॉइड आपल्या मनानं घेऊ नका. त्यानं लिम्फोमा झाकला जाऊन निदान चुकू शकतं.

उपचार मिळूनही मोठ्या माणसांत दहापैकी साधारण चार रुग्ण दगावतात. कर्करोगामुळे झालेला एचएलएच जास्त घातक, संसर्गामुळे झालेल्यात आशा जास्त. म्हणून लवकर ओळखणं महत्त्वाचं.

मैत्रिणींनो, चार-पाच दिवसांत ताप उतरला नाही तर सलाइनवर दिवस काढू नका. आशाताईंना सांगा, रक्त तपासा. रक्तस्राव किंवा गुंगी असेल तर १०८ ला फोन करून अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय गाठा. ऊसतोडीला जाताना जुने रिपोर्ट पिशवीत ठेवा. आणि गटातल्या कुणाच्या घरी अशी वेळ आली, तर अंतर्गत कर्ज त्याच दिवशी द्या. मासिक बैठकीची वाट पाहू नका.