टॅब मिळतील, पण ताईचं काय?

समजा, तुमचा सहा-सात जणांचा ग्रुप आहे. एनएसएसच्या शिबिरात ओळख झाली आणि तेव्हापासून दर रविवारी तुम्ही जवळच्या वस्तीत मुलांचा अभ्यास घेताय. जागा म्हणजे समाजमंदिराची ओसरी. खर्च म्हणजे वह्या, खडू आणि शेवटी सगळ्यांना वडापाव. पैसे संपले की ग्रुपवर क्यूआर कोड पडतो आणि ज्याच्या खात्यात असतील तो टाकतो. सुरुवातीला मुलं बारा होती, आता चाळीस झालीत. रविवार पुरत नाही. वस्तीतलीच बारावी झालेली एक ताई रोज संध्याकाळी दोन तास वर्ग घ्यायला तयार आहे, पण तिला दर महिन्याला ठरावीक मानधन हवंय. बरोबरच आहे, तिलाही घर चालवायचंय.

मग कुणीतरी म्हणतं, "अरे, बँका देतात ना पैसे! सीएसआर की काय ते."

देतात, अगदी नक्की देतात. पण तो पैसा कुठून येतो, कुणाला मिळतो आणि कुठे थांबतो हे माहीत नसेल, तर तुम्ही ताईचं मानधन मागायला जाल आणि लोगो छापलेले वीस टॅब घेऊन परत याल. टॅब वाईट नाहीत. पण ते रोज संध्याकाळी सहाला येऊन कुलूप उघडत नाहीत.

हा पैसा येतो कुठून?

आधी एक गैरसमज काढून टाकू. हा पैसा तुमच्या-आमच्या ठेवीतला नसतो. तो बँकेच्या नफ्यातून येतो आणि बँक कोणत्या प्रकारची, यावर त्याचे नियम ठरतात.

खासगी बँका या कंपन्या आहेत. त्यामुळे कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १३५ त्यांना लागू होतं. १ एप्रिल २०१४ पासून अमलात आलेल्या या कलमानुसार ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांनी आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातला किमान २ टक्के हिस्सा सामाजिक कामावर खर्च करायचा असतो. म्हणजे एचडीएफसी, आयसीआयसीआय, ॲक्सिस, कोटक यांच्यासाठी ही मर्जीची गोष्ट नाही, कायद्याची आहे.

सरकारी बँकांचं गणित वेगळं. स्टेट बँक १९५५ च्या स्वतंत्र कायद्याने उभी राहिली, तर राष्ट्रीयीकृत बँका १९७० आणि १९८० च्या कायद्यांनी. त्यांना कलम १३५ लागू नाही. मात्र रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नफ्यातली बँक आधीच्या वर्षीच्या नफ्याच्या १ टक्क्यापर्यंत देणगी देऊ शकते. तोट्यातल्या बँकेला वर्षाला एकूण ५ लाखांचीच मुभा.

आणि तिसरी, आपल्या महाराष्ट्रात हमखास सापडणारी, सहकारी बँक. आजोबांच्या नावावर शेअर असेल तर दरवर्षी घरी वार्षिक अहवाल येतो आणि रद्दीत जातो. या वर्षी तो उघडा. नफा वाटणीच्या तक्त्यात लाभांशाच्या आसपास 'धर्मादाय निधी' किंवा तशाच नावाची ओळ बहुतेक वेळा दिसेल. रक्कम लहान असते, पण निर्णय गावातच होतो.

पहिलं दार : तुम्ही कोण?

बँकेच्या शाखेत जाऊन मॅनेजर साहेबांना भेटलात तर ते चहा पाजतील, पण मोठ्या बँकेचा सामाजिक निधी सहसा त्यांच्या हातात नसतो. तो मुख्यालयातला विभाग किंवा बँकेने स्थापन केलेलं फाउंडेशन सांभाळतं. प्रत्येकाचं आपलं ठरलेलं क्षेत्र असतं. ॲक्सिस बँक फाउंडेशनचा भर ग्रामीण भागातल्या उपजीविकेवर आहे, आयसीआयसीआय फाउंडेशनचा कौशल्य प्रशिक्षणावर, तर कोटक एज्युकेशन फाउंडेशनचं काम नावातच आहे. शेततळ्यांना पैसे देणाऱ्याकडे अभ्यासिका मागितली तर नकार येणारच, आणि त्यात चूक त्यांची नसते.

पुढचा प्रश्न कागदाचा. ग्रुपला पैसे मिळत नाहीत, नोंदणीकृत संस्थेला मिळतात. महाराष्ट्रात संस्था काढायची तर किमान सात जण, १८६० चा संस्था नोंदणी कायदा आणि धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय हा रस्ता आहे. मग आयकर खात्याची १२ए आणि ८०जी ही नोंदणी. सीएसआरचे पैसे घ्यायचे तर १ एप्रिल २०२१ पासून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे 'सीएसआर-१' फॉर्म भरून क्रमांकही घ्यावा लागतो. आणि एवढं सगळं असलं तरी बाहेरच्या संस्थेला तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव लागतो.

इथे बरेच ग्रुप हिरमुसतात. पण मधला मार्ग आहे. तुमच्या शहरात शिक्षणावर काम करणारी जुनी, हिशेब चोख असलेली संस्था शोधा आणि तुमची वस्ती तिच्या कामाचा एक भाग करा. नाव तिचं लागेल, काम तुमचं होईल. नावाचा मोह सुटला तर तीन वर्षं वाचतात.

दुसरं दार : 'प्रकल्प' दाखवा

बँक संस्थेला पैसे देत नाही, प्रकल्पाला देते. फरक मोठा आहे. 'आम्ही मुलांसाठी खूप करतो' हे वाक्य तिथे चालत नाही. किती मुलं, किती महिने, दर महिन्याला काय खर्च, वर्षाअखेरीस काय बदललेलं असेल? चाळीसपैकी किती मुलांना आज परिच्छेद वाचता येत नाही, हे आधी मोजलेलं हवं. नाहीतर वर्षानंतर काय सुधारलं हे सांगणार कशाच्या आधारावर?

प्रस्ताव पुढे सरकला की कागदपत्रांची तपासणी, प्रत्यक्ष भेट, करार. त्यानंतर पैसे येतात, पण सहसा हप्त्यांत. पहिला हप्ता खर्च झाल्याचं सीएच्या सहीचं विनियोग प्रमाणपत्र दिल्याशिवाय दुसरा निघत नाही. म्हणजे वडापावचंसुद्धा बिल ठेवायची सवय आत्तापासून लावा.

'तीन वर्षं' हा आकडाही सारखा कानावर येईल. त्याला कारण आहे. कायद्यात 'चालू प्रकल्प' म्हणजे सुरुवातीचं आर्थिक वर्ष सोडून जास्तीत जास्त तीन वर्षं चालणारा. म्हणून निधी देणारा पहिल्याच बैठकीत विचारतो, "आम्ही थांबल्यावर काय?" त्याला उत्तर तयार हवं.

तिसरं दार : ताई कुठल्या रकान्यात?

आता मुद्द्याचं. बजेटचा तक्ता भरताना टॅब, बाकं, पाण्याचा फिल्टर हे पटकन मंजूर होतं. फोटो निघतो, लोगो लागतो, मोजता येतं. पगाराचा रकाना आला की पेन थांबतं. 'प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या आत ठेवा' असं सांगितलं जातं आणि संस्था मुकाट्याने शिक्षिकेचं मानधन कापतात.

हा नियम नीट वाचा. सीएसआर नियमांतली ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे. प्रकल्प आखणं, राबवणं आणि त्यावर देखरेख ठेवणं यांचा थेट खर्च त्यात धरलेला नाही. रोज वर्ग घेणारी ताई म्हणजे प्रकल्प राबवणंच की! तिचं मानधन हा 'वरखर्च' नाही, तोच खरा खर्च आहे. एखादा निधी स्वतःचं धोरण म्हणून पगाराला कमी पैसे देऊ शकतो, तो त्याचा अधिकार. पण कायद्याने बांधलंय म्हणून नाही. हे तुम्हाला माहीत असेल तर टेबलापलीकडे बसलेल्या माणसाशी नम्रपणे, पण ठामपणे बोलता येतं.

माणसावर खर्च करणारा निधी

माणसावर पैसे लावता येतात याचं उदाहरण एका बँकेनेच घालून दिलंय. 'एसबीआय यूथ फॉर इंडिया' ही फेलोशिप २०११ मध्ये सुरू झाली. आज ती एसबीआय फाउंडेशन चालवतं. २१ ते ३२ वयाचे पदवीधर तेरा महिने गावात राहतात आणि तिथे मुरलेल्या संस्थेसोबत काम करतात. मूळ पुण्याजवळच्या उरुळी कांचनची 'बायफ' ही अशा भागीदार संस्थांपैकी एक. शिक्षण, आरोग्य, पाणी, पारंपरिक हस्तकला, पर्यायी ऊर्जा असे विषय असतात.

इथे बँकेने इमारत बांधली नाही की यंत्रं वाटली नाहीत. एका तरुण माणसाचा वर्षभराचा वेळ विकत घेतला आणि तो गावाला दिला. यातही तोच जुना प्रश्न आहेच : चौदाव्या महिन्यात काय? फेलो परत जातो. मागे टिकतं ते, जे त्याने गावातल्या कुणाच्या तरी हाती सोपवलेलं असतं. म्हणजे पुन्हा ताईच!

नकाशावर एक नजर

जाता जाता आणखी एक गोष्ट. देशात सीएसआरचा सर्वात मोठा वाटा महाराष्ट्राला मिळतो. ऐकून छान वाटतं. पण कंपनीने आपल्या कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदाच सांगतो. त्यामुळे जिथे कार्यालयं आणि कारखाने, तिथे पैसा. मुंबई-पुण्यातली तुमची वस्ती निधीच्या नजरेत पटकन येते. गडचिरोली-नंदुरबारच्या पाड्यावरचा तुमच्यासारखाच ग्रुप येत नाही. तुम्ही त्या भागातून शिकायला शहरात आला असाल, तर गावच्या कामाचा प्रस्ताव इथल्या दारापर्यंत नेणारे तुम्हीच होऊ शकता.

शेवटी, ताईच्या बाबतीत एक करून बघा. प्रस्ताव लिहायला बसाल तेव्हा तिला शेजारी बसवा. कुठलं मूल कधीपासून शाळेत जात नाही, कुणाची आई किती वाजता घरी येते, वर्ग सहाला ठेवायचा की सातला, हे तिलाच ठाऊक असतं. बजेटची पहिली ओळ तिच्या मानधनाची लिहा. टॅब खाली, जागा उरली तर.

जाण्याआधी एवढं करा

• ज्या बँकेकडे जायचंय तिचा वार्षिक सीएसआर अहवाल वाचा. आधी कुठल्या कामांना पैसे दिलेत ते त्यात असतं.

• मुलांची हजेरी आणि वाचनाची पातळी आजपासून लिहून ठेवा.

• प्रत्येक खर्चाची पावती जपा. पैसे कुणाच्या वैयक्तिक खात्यात साठवू नका.

• मार्चच्या घाईत मिळणाऱ्या वस्तूंना 'हो' म्हणण्याआधी विचारा : याची आम्हाला गरज आहे का?

• निधी थांबल्यावर ताईचं मानधन कुठून येईल, हे पहिल्याच महिन्यात ठरवा. वर्गणीचा क्यूआर कोड बंद करू नका.