हौशी छायाचित्रण

उपजीविकेसाठी नव्हे, तर स्वतःच्या आनंदासाठी छायाचित्रे घेण्याचा छंद. व्यावसायिक छायाचित्रकाराला त्याचा ग्राहक वा संपादक काम सांगतो आणि ते जमले की नाही, हेही तोच ठरवितो. हौशी छायाचित्रकाराला विषय, वेळ व पद्धती यांची पूर्ण मोकळीक असते. परंतु त्याच्या कामाचा निवाडा करणारा कोणी आपोआप भेटत नाही. त्यामुळे या छंदात कॅमेऱ्याइतकेच महत्त्व दुसऱ्याच्या जाणत्या नजरेला, म्हणजेच अभिप्रायाला, असते. वर्षानुवर्षे छायाचित्रे घेऊनही ती सुधारत नाहीत, असा अनुभव अनेकांना येतो. त्याचे कारण बहुधा उपकरणात नसून या उणिवेत असते. छायाचित्रणाच्या तंत्राचे विवेचन स्वतंत्र नोंदीत आहे [→ छायाचित्रण]. येथे मुख्यतः कोल्हापूरच्या उदाहरणांच्या आधारे या छंदाचे स्वरूप सांगितले आहे.

दागेअर यांची प्रक्रिया १८३९ मध्ये जाहीर झाली आणि पुढील पंधरा वर्षांतच, १८५४ मध्ये, मुंबईत ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था स्थापन झाली. तिच्याशी संबंधित असलेल्यांत डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी यांचा समावेश होता. नारायण दाजी व्यवसायाने वैद्यक, परंतु छायाचित्रणात विशेष गती असलेले होते. त्या काळी काच धुणे, तिच्यावर रसायन चढविणे व ती ओली असतानाच चित्र घेणे ही कामे स्वतःच करावी लागत. त्यामुळे पैसा व फुरसत या दोन्ही गोष्टी असलेल्यांनाच हा छंद परवडे. जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ मध्ये गुंडाळीच्या फिल्मचा कोडॅक कॅमेरा व १९०० मध्ये अवघ्या एक डॉलर किमतीचा ब्राउनी बाजारात आणला, तेव्हा हा छंद सामान्य माणसाच्या आवाक्यात आला.

कोल्हापुरात कॅमेऱ्याविषयीचे कुतूहल काही वेगळ्याच वाटेने वाढले. नाटकांचे पडदे रंगविणारे आनंदराव पेंटर व त्यांच्या नात्यातील बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) हे मूळचे चित्रकार. चलच्चित्रांच्या ओढीने त्यांनी स्वतःच यंत्रे जमविण्याचा व घडविण्याचा उद्योग आरंभिला. आनंदराव १९१६ मध्ये निवर्तले. त्यानंतर बाबूरावांनी दामले प्रभृती सहकाऱ्यांसह चित्रपटाचा कॅमेरा कोल्हापुरातच तयार केला आणि त्याच्या बळावर महाराष्ट्र फिल्म कंपनीने सैरंध्री (१९२०) हा मूकपट काढला. हे कार्य पुढे व्यवसायाचे झाले. तथापि त्याचा आरंभ कोणी सांगितले म्हणून नव्हे, तर निव्वळ ध्यासापोटी झाला होता. या अर्थाने पेंटर हे कोल्हापूरच्या हौशी परंपरेचे पूर्वज ठरतात. कंपनीच्या स्मरणार्थ खरी कॉर्नर येथे उभारलेल्या स्तंभावर कॅमेऱ्याचीच प्रतिकृती आहे.

कॅमेरे : १९२५ मध्ये विक्रीस आलेल्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिमी. फिल्म रूढ केली. तिच्या एका गुंडाळीवर छत्तीस चित्रे येत. भारतात मात्र स्वातंत्र्योत्तर काळात पुष्कळांच्या हाती पहिला कॅमेरा आला तो अ‍ॅग्फा क्लिक थ्री. देशातच तयार होणारा हा साधा कॅमेरा एका फिल्मवर ६ × ६ सेंमी.ची बारा चित्रे देई. उटकमंड येथील हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्यात १९६७ पासून ‘इंदू’ या नावाने कृष्णधवल फिल्म व कागद तयार होऊ लागला. तो कारखाना पुढे बंद पडला. घरच्या न्हाणीघराच्या खिडकीला काळे कापड लावून तेथेच डार्करूम करणारे हौशी छायाचित्रकार त्या पिढीत बरेच होते. कागदावर प्रत काढताना लाल दिवा चालतो, फिल्म धुताना मात्र संपूर्ण अंधार लागतो, हे नवशिक्याला पहिली फिल्म वाया गेल्यावरच नीट कळे.

बाराच चित्रे हाताशी असल्याने बटण दाबण्यापूर्वी विचार करणे भाग होते. अंकीय कॅमेरा व त्यानंतर भ्रमणध्वनीतील कॅमेरा आल्यावर ही मर्यादा उरली नाही. चित्र लगेच दिसते, त्यामुळे तांत्रिक चूक जागीच सुधारता येते, हा लाभ मोठा आहे. उलट, एका सायंकाळी घेतलेल्या चारशे चित्रांतून चार निवडणे हे नवेच कठीण काम होऊन बसले. नव्या भिंगासाठी पैसे साठविणाऱ्याने आधी जुनी चित्रे कठोरपणे निवडून पाहावीत; कित्येकदा भिंगाची गरजच उरत नाही.

प्रकाश व विषय : कोल्हापूर परिसरात प्रकाशाच्या फार निरनिराळ्या परिस्थिती थोड्या अंतरात आढळतात, म्हणून शिकणाऱ्याला तो सोयीचा आहे. तालमीत उजेड एखाद्या खिडकीतून येतो व लाल माती त्यातील बराचसा शोषून घेते. तेथे १६०० संवेदनशीलता, एफ/२.८ छिद्र व १/१२५ सेकंद अशा योजनेने आरंभ करता येतो. परंतु डाव सुटतानाची पकड टिपण्यास एवढी गती अपुरी पडते आणि चित्र हलते. गुऱ्हाळात काहिलीवरून उठणारी पांढरी वाफ चौकटीत भरली की कॅमेऱ्यातील प्रकाशमापक फसतो. समोरचे दृश्य सरासरी करड्या छटेचे आहे, असे तो गृहीत धरतो आणि वाफ मळकट करतो. अशा वेळी मापकाने सांगितल्यापेक्षा एक ते दीड टप्पा अधिक प्रकाश द्यावा लागतो. जोतिबाच्या चैत्र यात्रेत अडचण दुहेरी असते : गुलालाच्या गडद रंगात बारकावे बुजतात, आणि तोच गुलाल भिंगाच्या सांध्यांत शिरतो. यात्रेत भिंग बदलू नये.

प्रकाशाचे गणित बांधकामात कसे उतरते, हे महालक्ष्मी (अंबाबाई) मंदिराच्या किरणोत्सवात दिसते. ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या सुमारास मावळत्या सूर्याचे किरण पश्चिमेच्या महाद्वारातून आत येतात व मूर्तीच्या चरणांपासून क्रमाने वर चढतात. ही घटना काही मिनिटांची असते. मंदिराच्या नियमांपलीकडे जाऊन ती टिपण्याचा हट्ट धरू नये. नुसती पाहिली तरी प्रकाशाच्या कोनाविषयी पुष्कळ कळते.

अभिप्राय : घरच्यांचा अभिप्राय प्रेमाचा असतो व म्हणून शिकण्याच्या दृष्टीने निरुपयोगी. रंकाळ्यावरील सूर्यास्ताचे चित्र पाहून सर्वजण ‘छान’ म्हणतात. त्यांना आवडलेला असतो सूर्यास्त, चित्र नव्हे. जाणता पाहणारा प्रथम गुणदोष सांगत नाही. आपली नजर आधी कोठे गेली, मग कोठे वळली व कोठे अडखळली, एवढेच तो सांगतो. चित्रकाराच्या मनात नाव मुख्य असेल आणि पाहणाऱ्याची नजर कोपऱ्यातील विजेच्या खांबावर थांबत असेल, तर दोष कोठे आहे हे न सांगताच उमगते. या वेळी चित्रकाराने गप्प राहावे. ‘त्या दिवशी पाऊस होता’, ‘मागे जायला जागा नव्हती’ ही कारणे खरी असली, तरी ती चित्रात नसतात.

त्यानंतर चौकटीचा विचार करावा. यासाठी काटकोनी कापलेले पुठ्ठ्याचे दोन तुकडे पुरतात. ते छापील चित्रावर समोरासमोर ठेवून सरकविले की चौकट लहानमोठी करून पाहता येते. एरवी तासभर वाद घालून जे पटत नाही, ते पुठ्ठा बोटभर सरकविल्याने पटते. तांत्रिक दोष व पाहण्यातील दोष यांची गल्लत मात्र करू नये. अस्पष्टता, वाकडी क्षितिजरेषा, जळालेले आकाश हे दोष नियमाने सुधारतात. काय टिपावे व नेमक्या कोणत्या क्षणी टिपावे, ही उणीव नियमाने भरून निघत नाही; ती इतरांची व स्वतःची पुष्कळ चित्रे पाहूनच कमी होते. तीन निरनिराळ्या व्यक्ती एकाच ठिकाणी अडखळल्या, तर त्यांचे ऐकावे. एकच अडखळली, तर विचार करून प्रसंगी सोडून द्यावे.

आबालाल रहिमान व बाबूराव पेंटर यांच्या या गावी वास्तवदर्शी चित्रकलेची परंपरा दीर्घ आहे. छायाप्रकाशाच्या पायऱ्या ओळखण्यात चित्रकाराची नजर तयार असते, म्हणून त्याचा अभिप्राय हौशी छायाचित्रकाराने अवश्य घ्यावा. तथापि चित्रकार नको ते वगळू शकतो, छायाचित्रकाराला ते टाळावे लागते, आणि निसटता क्षण हे तर त्याचे खास भांडवल. चित्रकलेच्या कसोटीने रचना बरी, पण क्षण मेलेला, अशी छायाचित्रे या शिकवणुकीतून निपजतात, हेही खरे.

स्पर्धा व प्रदर्शने हा अभिप्रायाचा तिसरा मार्ग. आंतरराष्ट्रीय छायाचित्रणकला महासंघ (फियाप) १९५० मध्ये व भारतीय छायाचित्रण महासंघ १९५३ मध्ये स्थापन झाला. त्यांच्या मान्यतेने भरणाऱ्या प्रदर्शनांत चित्रे स्वीकृत होत गेली की पुढे पदव्या मिळतात. यामुळे लहान गावातील हौशी माणसाला दूरदेशीच्या परीक्षकांपर्यंत पोचता येते. परंतु परीक्षकांसमोरून चित्रे झपाट्याने सरकतात. ते अंक देतात, कारण देत नाहीत. मग कोणत्या चित्रांना अंक मिळतात ते हेरून तशीच चित्रे काढण्याची प्रवृत्ती बळावते. धुळीतील बैलगाडी, सुरकुतलेला वृद्ध चेहरा व धुक्यातील होडी यांची प्रदर्शनांत जी गर्दी दिसते, तिचे मूळ येथे आहे. ज्या छंदात कोणी ग्राहक नव्हता, त्यात हा ग्राहक मागील दाराने शिरतो.

नोंदमूल्य : परीक्षकांनी नाकारलेल्या चित्रालाही कालांतराने किंमत येते. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. खासबाग कुस्ती मैदानाला लागून असलेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ रोजी आगीत जळाले. अशा वास्तूचा पुनर्विचार होतो तेव्हा कोणा हौशी माणसाने सहज टिपलेले छत, खांब वा जिना उपयोगी पडतो. अट एवढीच, की ते केव्हाचे व कोठले हे कळले पाहिजे. म्हणून छापील चित्राच्या पाठीमागे मऊ पेन्सिलीने दिनांक, स्थळ व दिसणाऱ्या व्यक्तींची नावे लिहावीत. शाईचा डाग पुढच्या बाजूस उतरतो. अंकीय चित्रात दिनांक आपोआप नोंदला जातो, पण कॅमेऱ्याचे घड्याळ चुकीचे लावलेले असेल, तर तोही चुकतो. २००५ व २०१९ च्या महापुरांनंतर भिजलेली छायाचित्रे वाचविण्याचा प्रश्न पंचगंगाकाठच्या घरांपुढे उभा राहिला. एकमेकांना चिकटलेली ओली चित्रे वाळू दिल्यास ती पुढे सुटत नाहीत. ती स्वच्छ थंड पाण्यात ठेवून हलकेच वेगळी करावीत, चित्राच्या पृष्ठाला बोट लावू नये आणि सावलीत एकेक पसरून सुकवावीत.