चित्रकथेला ग्रंथालयाचे व्यासपीठ

महाराष्ट्रात व्याख्यानांची परंपरा जुनी आहे. न्या. महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने पुण्यातील वसंत व्याख्यानमालेचा प्रारंभ १८७५ साली झाला. पुढे अनेक सार्वजनिक ग्रंथालयांनीही हा उपक्रम आपलासा केला. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ अन्वये मान्यताप्राप्त ग्रंथालयांना शासकीय अनुदानाचा आधार लाभला. या ग्रंथालयांनी कलाविषयक व्याख्याने योजताना ज्या कलेचा अगत्याने विचार करावा, अशी एक कला म्हणजे चित्रकथी.

चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्या कलावंतांचा उल्लेख बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात आढळतो. आज ही परंपरा सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळी येथील ठाकर समाजाने जपली आहे. रामायण-महाभारतातील एका आख्यानाच्या चित्रसंचास ‘पोथी’ म्हणतात. सूत्रधार एकेक चित्र समोर धरून कथा सांगतो व गातो. वीणा, हुडूक आणि टाळ यांची त्यास साथ असते. एक प्रसंग संपला की चित्र बदलते आणि कथा पुढे सरकते.

या कलेत चित्र आणि शब्द यांची फारकत करता येत नाही. जुनी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या संस्थांत सुरक्षित आहेत. तथापि कथनाचा मुख्य ठेवा मात्र कलावंताच्या कंठात आहे. तो एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे ऐकूनच जातो. श्रोता उरला नाही, तर चित्रे राहतील. पण ती मुकी होतील. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली आणि या कलेकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. हा गौरव नव्या श्रोत्यांपर्यंत पोहोचविणे हे पुढचे कार्य होय.

त्यासाठी ग्रंथालयाइतके सोयीचे स्थान क्वचितच सापडेल. केवळ कलेविषयी भाषण न ठेवता प्रथम एक आख्यान सादर व्हावे आणि नंतर कलावंताशी प्रश्नोत्तरे व्हावीत. चित्रे सर्वांना दिसावीत म्हणून श्रोत्यांची संख्या मर्यादित असावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांना तेच आख्यान आधी वाचावयास द्यावे. म्हणजे छापील कथा आणि सांगितलेली कथा यांतील भेद त्यांच्या ध्यानी येईल. कलावंतास योग्य मानधन व प्रवासखर्च देण्याची तरतूद आधीच करावी. त्याची संमती असल्यास ध्वनिमुद्रण करून ते ग्रंथालयात जतन करावे. ग्रामपंचायतीने जागा व प्रसिद्धी यांची जबाबदारी उचलल्यास लहान ग्रंथालयासही हा कार्यक्रम झेपण्याजोगा आहे.

ग्रंथालय हे लिखित ज्ञानाचे भांडार आहेच. जे अद्याप कागदावर उतरलेले नाही, त्यालाही तेथे स्थान मिळाले, तर लोकशिक्षणाचे त्याचे कार्य अधिक परिपूर्ण होईल.