हुन्नराची वाट

दहावीचा निकाल लागला म्हणजे पुण्यातील मध्यमवर्गीय घरांत जी मसलत बसते, तिच्यात शास्त्रशाखा घ्यावी की वाणिज्य, एवढ्याच मुद्द्याचा खल होतो. फिटर, टर्नर, वीजतंत्री, वेल्डर या व्यवसायांचे नाव सहसा निघत नाही, आणि निघालेच तर ‘गुण अगदीच कमी पडले तर आयटीआयला टाकू’ अशा, शिक्षेचा हुकूम सुनावावा तशा स्वरात निघते. नळ गळू लागला की प्लंबरची चार-चार दिवस आर्जवे करणारे गृहस्थही या मसलतीत त्याच मताचे असतात. भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेल्या कारखान्यांच्या मुलखावर ज्या नगरीचा योगक्षेम चालतो, तिने हाताच्या विद्येविषयी इतके उदासीन असावे, हे प्रस्तुत लेखकास केवळ विसंगत नव्हे, कृतघ्नपणाचे वाटते.

वस्तुतः या शहराचा इतिहास निराळा आहे. कसब्यातील तांबट आळीत तांब्याच्या पत्र्यावर हातोडीचे एकसारखे ठोके उमटवून मठारकाम करणारे कारागीर पेशवाईपासून चालत आलेला हुन्नर आजही सांभाळून आहेत. १८५४ साली येथे जो अभियांत्रिकी वर्ग निघाला, आणि ज्याचे पुढे नामांकित महाविद्यालय झाले, त्याचा मूळ हेतू सार्वजनिक बांधकामांवरील कनिष्ठ अंमलदार तयार करण्याचा होता. १८६९ मध्ये खडकीस दारूगोळ्याचा कारखाना आला. १८९० मध्ये न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात औद्योगिक परिषद भरली, आणि त्याच वर्षी ज्या औद्योगिक संग्रहालयाची स्थापना झाली ते आज घोले रस्त्यावर महात्मा फुले यांचे नाव धारण करून उभे आहे. १९४६ मध्ये खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स सुरू झाली, आणि १९६६ मध्ये पिंपरीस आलेल्या टेल्कोने येथून मालमोटारी बाहेर काढण्याच्या कितीतरी आधी यंत्रहत्यारे घडविणारे विभाग उभारले, म्हणजे पर्यायाने ती हत्यारे घडवू शकणारी माणसे तयार केली.

इतके असूनही लेखणी वरची आणि हातोडी खालची ही उतरंड ढळली नाही. तिचे मूळ जातिव्यवस्थेत आहे, हे आडपडदा न ठेवता म्हटले पाहिजे. जी कामे पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींच्या माथी मारली गेली, त्यांस बुद्धी लागतच नाही असे मानणे पोथी वाचणारांच्या सोयीचे होते.

हा समज किती पोकळ आहे, हे फिटरच्या कार्यशाळेत पहिल्या काही आठवड्यांतच कळते. तेथे मुलाच्या हाती कानस देतात आणि व्हाइसमध्ये आवळलेल्या पोलादी ठोकळ्याचे एक अंग केवळ सपाट करावयास सांगतात. केवळ! कानस पुढे जाताना तिच्यावर दाब हवा, मागे येताना तो काढून घ्यावयास हवा. ती पुढे सरकत असताना दोन्ही हातांवरील भाराची वाटणी क्षणोक्षणी बदलावयास हवी, एरव्ही पृष्ठभाग मध्ये फुगतो आणि कडा उतरतात. कानशीचे दात कीस अडकून बुजू नयेत म्हणून तिला खडू चोळतात. मग ठोकळ्यावर गुण्या टेकवून तो उजेडाकडे धरावयाचा. दोहोंमधून प्रकाशाची बारीकशी रेघ जरी डोकावली, तरी शिल्प निदेशक ठोकळा परत हाती देऊन ‘पुन्हा घास’ एवढेच म्हणतात. पुढे दोन तुकडे एकमेकांत बेमालूम बसविण्याच्या ‘मेल-फिमेल’ जॉबापर्यंत मजल जाते, तोवर व्हर्नियर कॅलिपरवर ०.०२ मिलिमीटरचा फरक वाचण्याची सवय डोळ्यांस जडलेली असते. नकाशा वाचणे, माप घेणे, धातूचा स्वभाव ओळखणे आणि चूक होण्यापूर्वीच हात आवरणे, ही सर्व बुद्धीचीच कामे होत.

केंद्र सरकारने १९५० साली कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली, तिच्यातूनच औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे जाळे उभे राहिले. फिटर, टर्नर, मशिनिस्ट, वीजतंत्री हे अभ्यासक्रम दोन वर्षांचे, वेल्डर व प्लंबर यांचे एका वर्षाचे. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमान्वये कारखान्यात विद्यावेतनावर काम शिकता येते, आणि ३० किंवा अधिक माणसे कामास असलेल्या आस्थापनेवर असे उमेदवार घेण्याचे बंधनच आहे. चाकण येथे २००९ मध्ये कारखाना उघडणाऱ्या फोक्सवॅगनने तर वर्ग आणि कारखाना यांची जोड घालणारी जर्मन पद्धतीची उमेदवारी येथे आणली. पुढील शिक्षणाचे दरवाजे बंद होतात, ही समजूतही खरी नव्हे; दहावीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा केलेल्यास पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश मागता येतो, आणि पदविकेवरून पदवीच्या दुसऱ्या वर्षास.

तथापि या वाटेवर नुसती फुले पसरली आहेत असे भासविणे अप्रामाणिकपणाचे होईल. कंत्राटदाराच्या हजेरीपटावर वर्षानुवर्षे राबणारा, कायम होण्याची आशा सोडून दिलेला कुशल कामगार या पट्ट्यात ठायी ठायी भेटतो. कित्येक ठिकाणी शिकाऊ उमेदवार हा शिकण्यासाठी नव्हे, तर स्वस्तात काम करून घेण्यासाठी ठेवतात. तरुणांस उपदेश करणाऱ्या उद्योगपतींनी प्रथम आपल्या वेतनपत्रकाकडे पाहावे. परंतु कारकुनीच्या एका जागेसाठी पदवीधरांच्या अर्जांचा ढीग पडतो, त्या ढिगात आणखी एका अर्जाची भर घालण्यापेक्षा, वातानुकूलन यंत्रे वा वीजजोडणीचे काम नीट शिकून चार-पाच वर्षांनी स्वतःची हत्यारपेटी घेऊन स्वतंत्रपणे उभे राहणे हा अधिक शहाणपणाचा व्यवहार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

हा विचार मुलांपुरताच नाही. औंधला मुलींसाठी स्वतंत्र शासकीय संस्था आहे. तेव्हा पालकांस विनंती इतकीच, की प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी आपल्या मुलास वा मुलीस घेऊन एखाद्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेच्या कार्यशाळेत एक सकाळ घालवावी, तेथील शिल्प निदेशकांशी बोलावे, आणि मग मुलाने काय शिकावे याचा निर्णय त्याच्यासमक्ष, त्याचे ऐकून करावा.