ताणावरची बाग आणि वाया जाणारे ऊन

1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि पांढुर्णा व सौंसर हा छिंदवाड्याचा मराठीभाषी दक्षिण मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. 2023 साली या दोन तहसिलींचा स्वतंत्र जिल्हा झाला. येथील संत्र्याच्या बागा आणि सरहद्दीपलीकडील वरुडच्या बागा यांच्या बहारांत फारसा भेद नाही. भेद आहे तो सरकारी दप्तराचा. सौरपंपाच्या अनुदानाची योजना पलीकडे ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’, अलीकडे ‘प्रधानमंत्री कृषक मित्र सूर्य योजना’. शेतकऱ्याने भरावयाचा हिस्सा मात्र दोन्हीकडे सर्वसाधारणपणे एक दशांशच.

विहिरीसाठी सरकारने पैसा पुरवावा हा प्रघात जुना आहे. 1883 च्या जमीन सुधारणा कर्जाच्या कायद्याखाली तगाई मिळे, पण ती हप्त्यांनी फेडावी लागे. आजचे अनुदान फेडावे लागत नाही, आणि म्हणूनच ते कोणत्या कामासाठी दिले याचा जाब विचारण्याची सवयही सरकारदरबारी उरलेली नाही.

उत्तेजन कसे द्यावे याचा उत्तम धडा मध्य प्रदेशाच्याच ईशान्य टोकाला, रीवा येथे मिळतो. 2010 साली केंद्रीय वीज नियामक आयोगाने सौर विजेचा दर युनिटला 17 रुपये 91 पैसे धरला होता. फेब्रुवारी 2017 मध्ये रीवाच्या 750 मेगावॉटच्या लिलावात तो पहिल्या वर्षापुरता 2 रुपये 97 पैशांवर, आणि संपूर्ण मुदतीचा सरासरी हिशेब धरता 3 रुपये 30 पैशांवर आला. या घसरणीत चिनी कारखान्यांचा आणि जर्मनीच्या 2000 सालच्या कायद्याने निर्माण केलेल्या बाजारपेठेचा वाटा मोठा होता, हे निःसंशय. तथापि जमीन व पारेषणाची तजवीज आधीच करून, वीज घेणाऱ्याने पैसे थकविले तर राज्य ते भरील अशी हमी सरकारने दिली, म्हणूनच भांडवलदारांना धोका कमी वाटला आणि बोली खाली उतरली. विजेच्या दराला अनुदान न देता तयारी आणि शब्द यांवर एवढे साधले, हे मला विशेष वाटते.

सौंसरच्या बागाइतदारासमोरचा प्रश्न निराळा आहे. रात्रीच्या पाळीची थ्री-फेज लाईन आली की बॅटरी घेऊन विंचूकाट्यातून मोटर सुरू करायला जाणे सौरपंपाने चुकते, आणि तेवढ्यासाठीही ही योजना सार्थ मानावी लागेल. परंतु संत्र्याच्या झाडाला बहारासाठी ताण द्यावा लागतो: मृगाचा बहार धरणारा शेतकरी मे महिन्यात, म्हणजे ऊन सर्वाधिक असताना, बुद्ध्याच पाणी तोडतो. त्या काळात बागेतल्या सौर पाट्या दिवसभर वीज निर्माण करू शकतात आणि ती घेणारे कोणीच नसते. उलट पाणी सुरू असताना ऊन फुकट असल्याने उपसा थांबविण्याचे कारणच उरत नाही. वरुड-मोर्शीच्या अतिशोषित भूजलाकडे पाहता ही भीती काल्पनिक म्हणता येणार नाही.

यावर तोड गुजरातेत, खेडा जिल्ह्यातील ढुंडी गावी निघाली आहे. तेथील सहा शेतकऱ्यांनी सौरपंपधारकांची सहकारी संस्था स्थापिली, आणि वीज कंपनीने त्यांची उरलेली वीज युनिटला 4 रुपये 63 पैशांनी घेण्याचा करार केला. न उपसलेल्या पाण्याला तेथे भाव आला! संत्र्यासारख्या पिकाला, जेथे पाणी तोडणे हाच लागवडीचा भाग आहे, हा करार ढुंडीपेक्षाही अधिक शोभेल.

केंद्राच्या कुसुम योजनेच्या ‘क’ घटकात अशा विक्रीची तरतूद 2019 पासून आहे. जेथे बांधावर तार आणि डीपी आधीपासून उभी आहे, तेथे नव्या जिल्ह्याच्या प्रशासनाने अर्जातच सौरपंपासोबत वीजखरेदीचा करारही ठेवावा, आणि त्याचा दर आधी जाहीर करावा; तोपर्यंत पांढुर्ण्याच्या बागाइतदाराने अर्ज भरताना निदान एवढे विचारावे, की ताणाच्या महिन्यातली माझी वीज कोण घेणार?